आईची समुद्रावरची झोप

वयाच्या एकावन्नाव्या वर्षापर्यंत मी माझ्या आईला झोपलेली पाहिली नव्हती. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी वाढवून सांगतेय. आडवी झालेली पाहिली होती, डोळे मिटलेलीही पाहिली होती. पण तिच्या शेजारून मांजराच्या पावलांनी गेलं तरी ती डोळे न उघडता विचारायची, "गॅस बंद केलास ना?" याला झोप म्हणत नाहीत, पहारा म्हणतात.

दोष तिचा नाही, पाण्याचा आहे. आईचं घर अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या वाटेवर, एका जुन्या तीन मजली इमारतीत. तिथे पाणी पहाटे चारच्या सुमाराला येतं आणि सव्वापाचला जातं. चारच्या सुमाराला म्हणजे कधी पावणेचारला, कधी साडेचारला, पाण्याची मर्जी. म्हणून आई रात्री मोरीतला नळ उघडा ठेवते आणि त्याच्याखाली एक परात पालथी घालते. पाणी यायचं झालं की नळ आधी फुरफुरतो, मग खोकतो, मग पहिली धार परातीवर पडते आणि घर दणाणतं. आई मात्र खोकण्याआधीच उठलेली असते. फुरफुर तिला पुरते.

उठली की लाटणं घेऊन जिन्यात जायचं आणि लोखंडी कठड्यावर तीन ठोके द्यायचे. ठण, ठण, ठण. त्यावर अख्खी इमारत उठते. आता टाकी बांधली, पंप बसवला, तरी पंप सुरू करायला पाणी आलं हे कोणीतरी सांगावंच लागतं, आणि ते कोणीतरी गेली तीसेक वर्षं माझी आईच आहे. तिला कोणी नेमलेलं नाही. एकदा ताप होता म्हणून ती उठली नाही, तेव्हा नऊ घरं दिवसभर पारोशी राहिली. तो दिवस ती अजून विसरलेली नाही, आणि त्या नऊ घरांनीही तिला विसरू दिलेला नाही.

गेल्या वर्षी तिला पंचाहत्तर पूर्ण झाली. भावाचं म्हणणं होतं सोन्याच्या पाटल्या कराव्यात. मी म्हटलं, पाटल्या घालून ती पुन्हा बादल्याच भरेल. मला तिला झोपवायचं होतं. एक दिवस, एक दुपार, एक तास तरी. माझ्या डोळ्यांदेखत. म्हणून मी क्रूझचं तिकीट काढलं. मुंबईहून संध्याकाळी निघायचं, दुसरा पूर्ण दिवस नुसता समुद्र, मग एक बेट बघून परत. त्या मधल्या दिवसाच्या रकान्यात कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं, 'आराम'. तो कागद मी आईला वाचून दाखवला.

"आणि पाणी?" आईने विचारलं.

पाण्याचं काम शेवटी खालच्या सिंधी वहिनींकडे गेलं. त्या उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून आमच्या इमारतीत आल्या त्याला वीस वर्षं झाली, आणि आईला त्या मम्मी म्हणतात. आईने त्यांना लाटणं दिलं, कठड्याची जागा दाखवली, ठोके किती जोराने द्यायचे ते दोनदा वाजवून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "मम्मी, तुम बिनधास्त जाओ. पाण्याचं मैं देखती ना." आई हो म्हणाली, पण टॅक्सीत बसल्यावर मला म्हणाली, "तिची झोप फार जड आहे गं." मी म्हटलं, भाग्यवान आहे बिचारी.

बोट एवढी मोठी होती की आईला ती बोट वाटलीच नाही. "ही हलणार कशी?" तिने मला विचारलं, आणि हलल्यावर तिला पटेना की हललीय. आमच्या केबिनला छोटा सज्जा होता, दोन खुर्च्या होत्या, आणि न्हाणीघरातला आरसा मला घरी परवडणार नाही इतका मोठा होता. जेवण झालं, गाणी झाली, मी दमून झोपले. सकाळी उठले तर आई सज्ज्याच्या दारात पदर खोचून बसलेली, अंघोळ केलेली, वेणी घातलेली.

"कधी उठलीस?"

"चारला."

मी न्हाणीघरात गेले आणि दारातच थबकले. बर्फाचं भांडं पाण्याने भरलेलं होतं. चारही ग्लास भरलेले, चहाचे दोन्ही कप भरलेले, किटली काठोकाठ. कचऱ्याच्या डब्यात अंघोळीला डोकं झाकायची प्लॅस्टिकची टोपी अंथरून त्यातही पाणी भरलेलं होतं. वर माझ्याच टॉवेलने झाकलेलं.

"आज दिवसभर समुद्रातच आहोत ना," आई म्हणाली. "खारं पाणी. गोडं कुठून येणार? म्हटलं, आहे तोवर भरून ठेवावं."

खोली आवरायला आले ते गोव्याचे पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी ही सगळी मांडणी पाहिली आणि चेहरा अजिबात हलू न देता म्हणाले, "मावशी, बोटीवर पाणी चोवीस तास असतं."

"माझ्या मुलीच्या बदलापूरच्या बिल्डरनेही हेच सांगितलं होतं," आई म्हणाली.

ते गृहस्थ हसले आणि कचऱ्याचा डबा सोडून बाकी सगळं तसंच ठेवून गेले. मला तेव्हा हसू आलं नाही. मला राग आला. मी तापट आहे, आणि आईच्या बाबतीत तर जास्तच. मी ठरवलं, आज हिला झोपवल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही. हा निश्चय नाश्त्यापर्यंत टिकला, कारण तिथे गरम जिलेबी होती.

नाश्ता करून मी तिला वरच्या डेकवर नेलं. काय हवा होती! समुद्र निळा, आकाश निळं, मधे कोणीही नाही, आणि रांगेने मांडलेल्या लांबच लांब आरामखुर्च्या. मी एक सावलीतली खुर्ची पकडली, तिच्यावर मऊ टॉवेल अंथरला, आईला पाय वर घेऊन झोपवलं, डोळ्यांवर रुमाल ठेवला. शेजारच्या खुर्चीत मी पुस्तक उघडून बसले आणि पुस्तकावरून तिच्याकडे बघत राहिले. पाच मिनिटं झाली. श्वास संथ झाला. मी मनात म्हटलं, आली, आली.

तेवढ्यात ती ताडकन उठली.

पोहायच्या तलावाशेजारी अंग धुवायचे फवारे होते. कोणीतरी एक उघडा टाकून गेलं होतं. आई उठली, चपला घातल्या, जाऊन तो बंद केला, परत येऊन झोपली. तीन मिनिटांनी पुन्हा उठली. पुन्हा फवारा. चौथ्या वेळी तिने एका बर्म्युडावाल्या काकांना रंगेहाथ पकडलं. "अहो, जाताना बंद करा की!"

"आंटी, जहाज का पानी है," ते म्हणाले.

"मग काय झालं? पाणीच आहे ना?"

काकांनी फवारा बंद केला. त्यांच्या बायकोने आईला नमस्कार केला, कारण हे वाक्य ती घरी कित्येक वर्षं बोलत असावी. आई विजयी मुद्रेने परत आली आणि माझा पारा चढला.

"आई, मी तुला इथे नळ बंद करायला आणलं नाही."

"मग कशाला आणलंस?"

"झोपायला!"

मी एवढ्या जोरात ओरडले की आजूबाजूचे चार झोपलेले लोक उठले. आई नाही उठली, कारण ती झोपलीच नव्हती.

"झोपायला इतक्या लांब कोण येतं?" आई म्हणाली. मग माझा चेहरा बघून जरा मऊ झाली. "अगं, मला काय हौस आहे का? डोळा लागतो. पण लागला की सारखं पाणी आल्यासारखं वाटतं. रात्री तेच, आत्ता तेच. आतून कोणीतरी ऊठ ऊठ म्हणतं."

खाली लाटा बोटीच्या अंगावर आपटून फुरफुरत होत्या. तलावाचं पाणी बोटीबरोबर डुलत काठावरून सांडत होतं. जिकडे तिकडे तोच आवाज. ज्या बाईला तीस वर्षं पाण्याच्या आवाजाने उठायची सवय, तिला झोपवायला मी अरबी समुद्राच्या मधोमध आणलं होतं! मी एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते, हाताखाली सहा माणसं आहेत, सगळी मला हुशार समजतात. मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

"कधीच झोप नाही का लागली तुला? आयुष्यात?" मी विचारलं.

"लागायची की. कॅम्प पाचला असताना." लग्न झाल्यावर आईबाबा आधी तिथे राहायचे, जीन्स शिवायच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत. "खाली तीस-चाळीस मशिनी एकदम चालायच्या. जमीन थरथरायची. बोअरिंग होतं, पाणी दिवसभर. दुपारी तुला शाळेत सोडून आले की मी अशी झोपायचे ना, तुझे बाबा कडी वाजवून दमायचे." एवढं सांगून ती समुद्राकडे बघत बसली. मी तेव्हा पहिलीत असेन. म्हणजे ती झोपायची तेव्हा मी शाळेत बे एके बे म्हणत होते.

आता आई पंचाहत्तरीची आणि जीन्सचा कारखाना मी कुठून आणू? मी प्रयत्न सोडला. जेवणात तिला सोलकढी मिळाली, ती तिने दोन वाट्या प्यायली आणि "नारळ शिळा होता" म्हणाली. म्हणजे आवडली होती. तेवढ्यात लाउडस्पीकरवर सांगितलं की तीन वाजता खालच्या सभागृहात हाऊजी आहे.

आईचे डोळे लकाकले. हाऊजी हा तिचा एकमेव शौक. इमारतीच्या गणपतीत दरवर्षी हाऊजी होते आणि आईने तिथे आजवर सगळं जिंकलंय, वरची ओळ, खालची ओळ, जल्दी पाच. फक्त फुल हाउस कधी नाही. दरवर्षी एका आकड्याने राहतं, आणि दरवर्षी आरती संपेपर्यंत ती त्या आकड्याला नावं ठेवते.

सभागृह बोटीच्या पोटात होतं. खिडकी एकही नाही, गार, जाड गालिचा, लाल मखमली खुर्च्या. दारात एक बाई प्रत्येकाला एक तिकीट आणि एक पेन्सिल देत होत्या. आईने तीन तिकिटं उलटीपालटी करून बघितली आणि चौथं घेतलं. "यात चार आहे," ती मला म्हणाली. "माझा आकडा." बक्षीस व्यासपीठावर मांडून ठेवलं होतं, निळ्या रंगाची चाकांची मोठी बॅग. आईने तिच्याकडे बघून मान डोलावली. तिच्या स्वतःच्या बॅगेची चेन निघाली होती आणि ती सुतळीने बांधलेली होती.

आकडे पुकारणारा माणूस अतिशय उत्साही होता. हिंदी, मराठी, इंग्रजी, सगळं एका वाक्यात. "दोन लड्डू, साथ साथ, अठ्ठ्याऐंशी!" लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते, कोणी शिट्ट्या मारत होतं. पायाखाली इंजिनाची बारीक थरथर होती, ती गालिच्यातून वर खुर्चीपर्यंत यायची. आई पहिले सात-आठ आकडे झपाझप खोडत गेली. मग एक आकडा पुकारला, तो तिच्या तिकिटावर होता, आणि तिने खोडला नाही.

मी तिला कोपराने हलवणार, तोच माझं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं. ते थोडं उघडं होतं.

मी हात मागे घेतला. मान एका बाजूला कललेली, पेन्सिल बोटांत अडकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पन्नास माणसं ओरडत होती, खालून जमीन थरथरत होती, पाण्याचा मागमूस नव्हता, आणि माझी आई झोपली होती. खरी झोपली होती. मी हळूच म्हटलं, "गॅस बंद केला का गं?" उत्तर नाही.

मला काय वाटलं ते सांगते. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि त्या दोघांच्या भांडणात मला शिंक येणार होती ती मी नाक दाबून धरली.

तिच्या मांडीवरचं तिकीट मी अलगद उचललं आणि तिचे आकडे खोडू लागले. सवयच ती, दुसऱ्याचं तिकीट कोरं राहिलेलं मला बघवत नाही. एकोणीस आला, त्रेसष्ट आला. मग लागोपाठ आणखी तीन-चार आकडे आले. माझ्या लक्षात आलं तेव्हा तिच्या तिकिटावर एकच आकडा उरला होता.

"अकेला," पुकारणारा माणूस माइकमध्ये ओरडला, "बिचारा एकटा जीव... चार! नंबर फोर!"

आमच्या घरात चारचा पुकारा झाला आणि आई उठली नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

नियम असा की पुढचा आकडा पुकारायच्या आत ओरडायचं. माझ्या घशापर्यंत आलं होतं, फुल हाउस! तीसेक वर्षं जे राहिलं ते माझ्या हातात होतं, फक्त तोंड उघडायचं होतं. आई जिंकली असती. व्यासपीठावर जाऊन तिने ती बॅग घेतली असती, टाळ्या झाल्या असत्या, मरेपर्यंत तिने ते सांगितलं असतं. पण त्यासाठी तिला उठवावं लागलं असतं. शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी माझ्या हातातलं तिकीट पाहिलं आणि ते अर्धे उभे राहिले. "अहो, झालं की तुमचं! ओरडा!" मी ओठांवर बोट ठेवलं आणि आईकडे खूण केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते हळूच खाली बसले.

पुढचा आकडा पुकारला गेला. दोन रांगा पुढे एक बाई किंचाळली आणि ती निळी बॅग घेऊन गेली.

आई तासभर झोपली. हाऊजी संपली, लोक उठले, दिवे मंद झाले. एक माणूस गालिचा साफ करायचं यंत्र घेऊन आला आणि माझ्याकडे बघून थांबला. मी म्हटलं, चालू द्या, चालेल. तो घर्र घर्र करत सगळ्या रांगा फिरला आणि आई आणखी गाढ झोपली. मी नुसती बघत बसले होते. तिच्या भुवयांच्या मधे एक उभी आठी कायम असते, ती गेली होती. हे मला माहीतच नव्हतं की ती आठी जाते.

जागी झाली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "पाणी गेलं का?" दुसरं होतं, "माझं तिकीट?"

तिकीट मी पर्समध्ये टाकलं होतं. "एकाने राहिलं," मी सांगितलं.

"नेहमीचंच मेलं," आई म्हणाली, आणि चहा प्यायला चल म्हणाली. त्या संध्याकाळी ती डेकवर दोन फेऱ्या जास्त चालली, सूर्य बुडताना बघितला आणि एका फवाऱ्याला हात लावला नाही. पुढच्या दोन दिवसांत मात्र काही झोपली नाही. हाऊजी पुन्हा झाली नाही ना.

परत आलो तेव्हा अंबरनाथला रिक्षातून उतरताना तिच्या बॅगेची सुतळी तुटली आणि साड्या फाटकात सांडल्या. "ती निळी बॅग मिळाली असती तर," आई म्हणाली. मी खाली बसून साड्या गोळा केल्या, मान वर केली नाही. सिंधी वहिनी धावत आल्या. त्यांनी चारही दिवस न चुकता ठोके दिले होते. पहिल्या दिवशी घाबरून रात्री अडीचलाच दिले, एवढंच. "सब उठे ना, मम्मी!" त्या अभिमानाने म्हणाल्या, आणि लाटणं परत दिलं.

मी त्या दिवशी तिथेच राहिले. संध्याकाळी आईला डोकेदुखीची गोळी हवी होती, तिने माझी पर्स उघडली आणि गोळीऐवजी तिकीट हाती आलं. ती चष्मा लावून ते बघत राहिली. मी पोळ्या लाटत होते, लाटतच राहिले.

"पंधराच्या पंधरा?" आई म्हणाली.

"हो."

"आणि तू ओरडली नाहीस?"

"नाही."

"गाढवे! तीस वर्षं..." ती थांबली. "का पण?"

"तू झोपली होतीस."

आता मला ऐकून घ्यावं लागणार होतं, त्याची तयारी मी केली. पण आई तिकीट घेऊन पाटावर बसली. एकेक आकडा बोटाने मोजून तिने विचारलं, "चार पुकारला तरी उठले नाही मी?"

"नाही उठलीस."

"आणि तू काय करत होतीस तेवढा वेळ?"

"बघत होते."

"काय बघायचंय त्यात? वेडी कुठली," ती म्हणाली. मग हळूच, कोणी ऐकत नाहीसं बघून, "कशी दिसत होते?"

"लहान," मी म्हटलं.

आईने तिकीट देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या कोयरीखाली ठेवलं. मग माझ्या हातातल्या लाटण्याकडे बघितलं. "पोळ्या झाल्या की ते घासून उशाशी घे," ती म्हणाली. "उद्याचं पाणी तू बघ."

पहाटे नळ फुरफुरला तेव्हा मला कळलं नाही. खोकला तेव्हाही नाही. धार परातीवर पडली तेव्हा मी धडपडत उठले, जिन्यात गेले आणि जीव खाऊन कठडा बडवला. तीनच्या जागी पाच की सहा ठोके पडले असतील, आणि तालात एकही नव्हता. धडाधड दारं उघडली. खालून सिंधी वहिनी तशाच केस मोकळे सोडून वर आल्या, चेहरा पांढराफटक.

"क्या हुआ? मम्मी ठीक है ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "झोपलीये."